मणिकर्णिकेचे पाणी आणि पाण्याखालचे यान

हिमालयातून उतरून बंगालच्या उपसागराकडे निघालेली गंगा काशीपाशी आपला पूर्वेचा मार्ग सोडून उत्तरेकडे वळते, आणि या वळणाच्या बाहेरच्या, म्हणजे पश्चिमेच्या काठावर, कंकरमिश्रित कठीण मातीच्या उंच कड्याला टेकून घाटांची ती जगप्रसिद्ध रांग उभी आहे, जिच्या मध्यावर मणिकर्णिका आहे. समोरच्या काठावर उन्हाळ्यात वाळूचे विस्तीर्ण मैदान तेवढे पसरलेले असते. एका काठाला शहर आणि दुसऱ्याला वाळवंट अशी ही विषम वाटणी का झाली, याचे पौराणिक उत्तर काशीतला कोणताही पंडा देईल. भौतिक उत्तर अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली एका छोटेखानी निबंधात दिले आहे. पेल्यातला चहा ढवळला असता तळाची पाने कडेला न फेकली जाता मध्यभागी का गोळा होतात, या प्रश्नापासून निघून ते नद्यांच्या वळणांपर्यंत पोहोचले. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळते, तेथून खाली वळते, आणि तळाशी घर्षणाने मंदावलेले पाणी आपल्याबरोबर वाळू घेऊन आतल्या काठाकडे सरकते. म्हणून घाटांच्या पायथ्याशी खोल पाणी आणि पैलतीरी वाळू. हे पिळवटलेले वाहणे मनात ठेवावे. पुढे एका यंत्राच्या नशिबी तेच येणार आहे.

पावसाळ्यात या पाण्याचे स्वरूप पालटते. वाराणसीच्या पाणीमापकावर ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी ठरविलेली आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरात गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती, जो आजतागायतचा उच्चांक मानला जातो. उन्हाळ्यातील पातळीपेक्षा हा चढ बारा ते पंधरा मीटरांचा, म्हणजे चारपाच मजली इमारतीएवढा. अशा वेळी मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या, चक्रपुष्करिणीचे कुंड आणि दहनभूमी हे सारे पाण्याखाली जाते. चिता वरच्या गच्चीवर रचाव्या लागतात. आणि पूर ओसरला की पायऱ्यांवर मऊ, करड्या, अभ्रकाने किंचित चमकणाऱ्या गाळाचा जाड थर उरतो, जो पंपाने नदीचेच पाणी मारून पुन्हा नदीत लोटला जातो.

मराठी माणसाला या घाटाविषयी वाटणारी आपुलकी केवळ धार्मिक नाही. बाजीराव पेशव्यांच्या अमदानीत मराठ्यांच्या द्रव्याने काशीत घाटांची कामे निघाली, मणिकर्णिकेचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, आणि मोरोपंत तांबे यांच्या काशीत जन्मलेल्या कन्येचे नाव या घाटावरूनच पडले, जी पुढे झाशीची राणी झाली. परंतु याच मराठी द्रव्याने नदीपुढे हारही खाल्ली आहे. मणिकर्णिकेला लागूनच बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास एक भव्य घाट उभारविला. तो आपल्याच भाराने खचला. त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे देऊळ आहे, जे सुमारे नऊ अंशांनी कललेले असून, वर्षातील पुष्कळ महिने त्याचा गाभारा पाण्याने अथवा गाळाने भरलेला असतो. मातेचे ऋण फेडल्याचा गर्व वाहणाऱ्या पुत्राला मिळालेला शाप, अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीची गोष्ट, असे अनेक वृत्तांत या कलण्याविषयी सांगितले जातात. कथा कोणतीही खरी धरावी. गाळ काय करतो याचा दाखला मात्र या देवळाइतका उघडा दुसरीकडे मिळणार नाही. वाहत्या पाण्यात एखादे घनरूप शरीर उभे केले की त्याच्या पुढच्या अंगास पाणी दुभंगते, बाजूंनी वेग घेते आणि पायाजवळची माती उकरून नेते. शरीराच्या मागे आणि पोकळीत मात्र पाणी मंद होते, आणि जे कण वेगाच्या जोरावर तरंगत आलेले असतात ते तेथे खाली बसतात. एकाच वास्तूच्या बाहेर खोदकाम आणि आत भरणी, असा हा दुहेरी कारभार तेथे दर वर्षी चालतो.

देऊळ तर एका जागी स्थिर आहे. परंतु त्याच पाण्यातून एखादे चालते यान नेले, तर या गाळाचा त्याच्या भोवतालच्या प्रवाहावर काय परिणाम होईल? प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत प्रयागराजच्या महाकुंभात यात्रेकरूंच्या सुरक्षेसाठी संगमाच्या पाण्यात पाण्याखालचे ड्रोन सोडण्यात आले, आणि ते शंभर मीटर खोलीपर्यंत जाऊ शकतात असे शासनाने जाहीर केले. प्रयागचे हेच पाणी पुढे वाहत मणिकर्णिकेसमोर येते.

उत्तर शोधण्यापूर्वी गाळ किती, हे ठाऊक असले पाहिजे. या बाबतीत आपण एका पाद्र्याचे ऋणी आहोत. रेव्हरंड रॉबर्ट एव्हरेस्ट (भूमापनाचे सुप्रसिद्ध अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याशी त्यांची गल्लत करू नये) यांनी १८३१-३२ च्या सुमारास काशीच्या खाली गाझीपूर येथे गंगेचे पाणी काढून त्यातील माती तोलली, आणि आपला निबंध १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला, ज्याचे संपादक होते जेम्स प्रिन्सेप. हे प्रिन्सेप पूर्वी दहा वर्षे बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होते आणि त्यांनी काशीच्या घाटांची जी चित्रे काढली ती आजही अभ्यासकांच्या हाती असतात. एव्हरेस्ट यांच्या मोजणीबरहुकूम पावसाळ्याच्या चार महिन्यांत गंगेच्या पाण्यात वजनाने सरासरी ४२८ वा भाग घन माती होती, आणि वर्षाकाठी गाझीपूरवरून वाहून जाणारा गाळ ६,३६,८०,७७,४४० घनफूट, म्हणजे सुमारे अठरा कोटी घनमीटर, भरत होता. यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक एकट्या पावसाळ्याचा. भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी हे आकडे आपल्या ग्रंथात घेतले आणि ते जगभर झाले. शेवटच्या चाळीस घनफुटांपर्यंत आकडा देण्याचा पाद्रीबुवांचा आत्मविश्वास पाहून आजच्या अभियंत्याला हसू येईल. पण एका माणसाने बादली, तराजू आणि चिकाटी एवढ्याच सामग्रीवर केलेले हे काम परिमाणाच्या दृष्टीने भक्कम आहे, आणि पुढील सर्व हिशेब मी त्याच्याच आधारे करणार आहे. ४२८ वा भाग म्हणजे दर लिटरमागे सुमारे २.३ ग्रॅम.

आता यानाकडे वळू. गोव्यात दोनापावला येथे १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि तेथे या शतकाच्या पहिल्या दशकात डॉ. एल्गर डिसा यांच्या पुढाकाराने, लिस्बनच्या तंत्रविद्यालयातील संशोधकांच्या सहकार्याने, 'माया' नावाचे एक छोटे स्वयंचलित यान तयार झाले. पावणेदोन मीटर लांब, तेवीस-चोवीस सेंटीमीटर व्यासाचे, हवेत सुमारे पंचावन्न किलो वजनाचे, शेपटीशी एकच पंखा आणि दिशा देण्यासाठी छोटी सुकाणूपाती असलेले हे यान दोनशे मीटरपर्यंत उतरू शकते आणि सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने जाते. त्याला नाळ नाही. आतल्या विद्युत्घटांवर चालते, आपला मार्ग आपणच राखते, आणि नाकाच्या बदलता येणाऱ्या टोपीत बसविलेल्या संवेदकांनी पाण्याचे तापमान, क्षारता, त्यातील प्राणवायू, वनस्पतींचे हरितद्रव्य आणि गढूळपणा यांची नोंद करते. समुद्रासाठी जन्मलेल्या या यानाने केरळातील इडुक्कीच्या जलाशयातही फेऱ्या केल्या आहेत. ते मणिकर्णिकेसमोर उतरविले गेलेले नाही. तेव्हा ते काम आपण कागदावर करू.

सर्वसाधारण समजूत अशी की गाळाने पाणी जड आणि दाट होते, आणि दाट पाणी यानाला अधिक विरोध करते. समजूत दिशेने बरोबर आहे; मापाने मात्र ती जवळजवळ निरर्थक ठरते. द्रवात तरंगणाऱ्या गोल कणांमुळे त्याचा चिकटपणा किती वाढतो याचे सूत्र याच आइन्स्टाइन यांनी आपल्या १९०५ च्या प्रबंधात काढले, जो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांच्या पहिल्या मांडणीत कणांच्या घनफळाइतकीच वाढ आली होती. पॅरिसमधल्या प्रयोगात ती पुष्कळ अधिक दिसली, म्हणून त्यांनी लुडविग हॉप्फ यांच्याकडून गणित तपासून घेतले, चूक सापडली, आणि १९११ साली वाढ घनफळाच्या अडीच पट असल्याचे दुरुस्तीपत्रक निघाले. हे सूत्र एव्हरेस्ट यांच्या गाळाला लावून पाहावे. त्यांच्या हिशेबाने गाळाचे घनफळ पाण्याच्या ८५६ व्या भागाइतके. तेव्हा चिकटपणाची वाढ हजारात तीन. घनतेची वाढ त्याहून कमी, हजारात दीड. यानाच्या अंगावरील घर्षण चिकटपणाच्या वाढीला फार मंदपणे प्रतिसाद देते. त्यामुळे दोन्ही परिणाम मिळून मायाला होणारा विरोध वाढेल तो हजारात सुमारे दोन. एक दिवस अधिक चिकटलेले शेवाळ याहून अधिक त्रास देईल. तळाजवळ गाळ दसपट झाला तरी वाढ शेकडा दोनच.

वजनाचा तोल हा दुसरा मुद्दा, आणि येथे एक गंमत आहे. पाण्याखालचे यान तरंगूही नये आणि बुडूही नये अशा बेताने तोललेले असते. गढूळ पाणी किंचित जड असल्यामुळे ते यानाला अधिक वर उचलते. पंचावन्न लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या यानाला ही देणगी साधारण ऐंशी ग्रॅमची. परंतु गोव्याच्या खाऱ्या पाण्यात तोललेले तेच यान गंगेच्या गोड्या पाण्यात आणले, तर मीठ नाहीसे झाल्यामुळे त्याचा सुमारे एक किलो चारशे ग्रॅमचा आधार जातो. म्हणजे मिठाने जे नेले त्याचा सतरावा-अठरावा हिस्सा गाळ परत करतो. गंगेत यान उतरविणाऱ्याने गाळाची धास्ती घेऊन मिठाची बेरीज विसरली, तर त्याचे यान पहिल्याच फेरीत तळाच्या चिखलात रुतून बसेल.

मग कण प्रवाहाच्या अंतरंगात काही करतात की नाही? करतात; आणि हे प्रकरण विद्वानांत बराच काळ वादग्रस्त राहिले. वाहत्या पाण्यातील भोवरे हेच गाळाला उचलून धरणारे हात होत. पण उचलण्याचे काम करताना भोवऱ्यांची शक्ती खर्ची पडते, आणि खाली दाट, वर विरळ असा थर लागल्याने त्यांची उलथापालथही मंदावते. कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे व्हिटो व्हॅनोनी यांनी १९४६ साली एका लांब कृत्रिम कालव्यात हे मोजले, आणि वाळूमिश्रित पाणी तशाच उताराच्या निर्मळ पाण्यापेक्षा वेगाने वाहते असे दाखविले. गढूळ पाणी अधिक चपळ असावे, हे ऐकणाऱ्याला विपरीत वाटते. पुढे १९८१ साली नील कोलमन यांनी हरकत घेतली, की या प्रयोगांतून वेगाच्या आलेखातील जो सार्वत्रिक स्थिरांक बदलला असे मानले गेले तो बदलतच नाही, आलेखाचा वरचा भाग तेवढा वाकतो. मला कोलमन यांची बाजू अधिक पटते. पण भोवरे दबतात, हे उभयपक्षी मान्य आहे. गोअर आणि क्रो या दोघांनी १९८९ साली अनेकांचे प्रयोग एकत्र मांडून एक ढोबळ कसोटी दिली: कणाचा आकार मुख्य भोवऱ्याच्या एक दशांशाहून लहान असेल तर तो भोवऱ्याला दाबतो, मोठा असेल तर आपल्या मागे नवे भोवरे उठवून प्रक्षोभ वाढवितो.

मायाच्या कातडीलगत जो घर्षणाने मंदावलेला पाण्याचा पापुद्रा असतो, ज्याला शास्त्रज्ञ सीमास्तर म्हणतात, तो शेपटीपर्यंत पोहोचेतो तीनएक सेंटीमीटर जाड होतो. त्यातील भोवरे काही मिलिमीटरांचे. गंगेचा बारीक गाळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तेव्हा कसोटीप्रमाणे तो भोवऱ्यांना दाबणाराच. पण लिटरमागे दोन ग्रॅमांचे हे सैन्य त्या कामाला फार तुटपुंजे आहे. यानाच्या भोवती पाणी जसे फिरते तसेच हे कण मुकाट्याने फिरतात. पाण्याने दिशा बदलली की सेकंदाच्या एक लक्षांश भागाच्या आसपास तेही वळतात. वाळूचे तसे नाही. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा वाळूचा कण वळायला बारीक कणापेक्षा चारशे पट वेळ घेतो, आणि यानाच्या रुंद, गोल नाकापाशी हा वेळ त्याला मिळतो, पण पंख्याच्या गरगर फिरणाऱ्या पातळ पात्यापाशी मिळत नाही. तेथे पाणी वळते, वाळू सरळ जाते आणि पात्याच्या धारेवर आपटते.

यानाचे खरे नुकसान येथून सुरू होते. हिमालयाच्या गाळात गारगोटीचे प्रमाण मोठे, आणि गारगोटी ही कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर सातव्या पायरीची, साध्या पोलादाला ओरखडणारी. या कणांनी काय होते हे हिमाचलातील सतलजवरच्या नाथपा झाकडी विद्युत्केंद्राने आपल्याला महागड्या रीतीने शिकविले आहे. १५०० मेगावॉटच्या त्या केंद्रात पाण्यातील गाळ दशलक्षात पाच हजार भागांवर गेला की जनित्रे चक्क बंद ठेवावी लागतात, कारण वीज बुडाली तरी परवडते, पण टर्बाइनची पाती झिजलेली परवडत नाहीत. एव्हरेस्ट यांची सरासरी या मर्यादेच्या जवळजवळ निम्मी आहे, आणि सरासरी म्हटली की काही दिवस तिच्या पुष्कळ वरचे असणारच. यानाची मोटर टर्बाइनपेक्षा नाजूक. हल्लीच्या लहान यानांत पंख्याच्या मोटरीतून नदीचेच पाणी खेळू देतात, जेणेकरून वंगण आणि थंडावा दोन्ही फुकट मिळावेत. स्वच्छ तलावात ही युक्ती उत्तम, पण गंगेत त्या अरुंद फटींत गाळ शिरतो, आणि मणिकर्णिकेसमोर तर त्याच्या जोडीला राख, कोळशाचे कण, झेंडूच्या पाकळ्या आणि दोऱ्यांचे तुकडे. पंख्याला दोरा गुंडाळला की तत्त्वज्ञान संपले.

तथापि यानावर गाळाचा सर्वांत मोठा आघात याहून वेगळा आहे. तो अंगावर होत नाही, डोळ्यांवर होतो. एक लिटर पाण्यातील २.३ ग्रॅम गाळ हा सारा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या गोल कणांचा आहे असे धरले, तर त्या लिटरात सुमारे १७० कोटी कण भरतात, आणि त्या सर्वांच्या सावल्या एकमेकींशेजारी मांडल्या तर सुमारे १३०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतील. याचा अर्थ असा की प्रकाशाचा किरण सरासरी एक सेंटीमीटरही न जाता एखाद्या कणावर आदळतो. यानावर दिवा लावावा तर उजेड त्याच कणांवरून परतून कॅमेऱ्यातच भरतो. दिवा जितका प्रखर, तितकी समोरची भिंत पांढरी. पुराच्या दिवसांत हा कॅमेरा आपल्याच नाकाचे टोकही पाहू शकणार नाही. उन्हाळ्यात, गाळ खाली बसल्यावर, परिस्थिती पुष्कळ सुसह्य होते, पण तेही सावकाश. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली दिलेल्या नियमाने कणाचा खाली पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो: संथ पाण्यात दहा मीटर खाली यायला मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या कणाला सात तास, तर त्याच्या दशांश आकाराच्या चिकणमातीच्या कणाला सुमारे महिना. आणि गंगा संथ कधीच नसते. समुद्रात मीठ या बारीक कणांना एकमेकांना चिकटवून त्यांचे गठ्ठे लवकर खाली बसविते; गोड्या पाण्यात तीही सोय नाही.

या आंधळ्या पाण्यात कसे वावरावे याचे उत्तर गंगेतच पोहत आहे. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०१ साली शास्त्रीय वर्णन केलेला आणि आज भारताचा राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित असलेला गंगेचा डॉल्फिन, ज्याला गंगाकाठचे मल्लाह सूंस म्हणतात, त्याच्या डोळ्यात भिंगच नाही. उजेड कोणत्या बाजूला आहे एवढे त्याला कळत असावे. तो जगतो तो आवाजावर. सेकंदाला साठ हजारांच्या आसपास कंपने असलेले टकटक आवाज तो सतत सोडतो आणि प्रतिध्वनींवरून मासा, तळ, जाळे ओळखतो. अशा ध्वनीची लाट अडीच सेंटीमीटर लांबीची. गाळाचा कण तिच्यापुढे इतका क्षुद्र की ती त्याची दखल न घेता पुढे जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयात आणलेल्या सिंधू नदीच्या त्याच्या भावंडांविषयी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले, की हा प्राणी एका कुशीवर वळून, एक पर तळाजवळ ठेवून, मान डोलावत पोहतो, जणू हाताने जमीन चाचपत डोक्याने सभोवार ऐकतो आहे. लक्षात घेण्याजोगे हे की निसर्गाने गढूळ पाण्यासाठी त्याच्या शरीराची बाह्यरेषा समुद्रातल्या नातलगांपेक्षा अधिक सडपातळ किंवा निसरडी केलेली नाही. मान लवचीक ठेवली, पर रुंद केले, डोळे काढून घेतले आणि कान दिले. निसर्गाचा हिशेब आणि आमचा कागदावरचा हिशेब एका ठिकाणी येऊन मिळतो, याचे मला समाधान वाटते.

मणिकर्णिकेच्या आसपास पाण्यात उतरणारे मल्लाह गोताखोरही याच पंथाचे. बुडालेल्याचा शोध घेताना ते पाहत नाहीत, चाचपतात. भोवऱ्याची ओढ अंगावर कोणत्या बाजूने येते, पायाला चिखल लागतो की दगडी पायरी, यावरून आपण कोठे आहोत हे ताडतात. वळणावरील ज्या पिळवटलेल्या प्रवाहाचे वर्णन प्रारंभी केले, तो त्यांना पुस्तकाशिवाय अवगत आहे. यानाला तो शिकवावा लागेल: वरच्या थरात प्रवाह त्याला घाटाच्या दगडांवर ढकलील, तळाशी वाळूच्या दिशेने ओढील, आणि भर पुरात या ओढीचा वेग मायाच्या स्वतःच्या दीड मीटरला सहज भारी पडेल. प्रवाह मोजण्याचे ध्वनियंत्र मात्र या कामी गाळावरच अवलंबून असते. ते आवाज सोडते आणि पाण्याबरोबर वाहणाऱ्या कणांवरून परतलेल्या क्षीण प्रतिध्वनीच्या बदललेल्या स्वरावरून पाण्याचा वेग काढते. कणच नसतील तर ते मुके. अतिगाळात ते गोंधळते, हेही खरे. पण कॅमेऱ्याला जो वैरी, तोच मर्यादेत असला तर या यंत्राचा वार्ताहर आहे.

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे ज्येष्ठ चिरंजीव हान्स अल्बर्ट यांनी आयुष्य नदीच्या गाळालाच वाहिले. बर्कले येथे प्राध्यापक असताना १९५० साली त्यांनी तळाच्या वाळूच्या वहनाचे जे गणित प्रसिद्ध केले ते आजही अभियंत्यांच्या दप्तरी असते. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत् संशोधन केंद्र आहे, जेथे नद्यांच्या मोठमोठ्या प्रतिकृती उघड्या मैदानावर बांधून त्यांत पाणी आणि वाळू सोडून पाहतात. दोनापावलाचे यान आणि खडकवासल्याची वाळू ही दोन्ही आपल्या मुलुखात आहेत. मांडवी आणि जुवारी या नद्यांनी खाणींचा लाल गाळ कित्येक दशके वाहिला, तेव्हा गढूळ पाणी गोव्याला परके नाही. दोन्ही संस्थांनी मिळून गंगेसारख्या नदीसाठी एक यान सिद्ध करावे, ज्याला कॅमेरा दुय्यम आणि ध्वनी मुख्य असेल, ज्याच्या मोटरीत नदी शिरणार नाही, आणि ज्याचा पंखा दोऱ्यापासून जाळीने राखलेला असेल, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. नदीसाठी अशी यंत्रे खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यांनीही निविदेत 'किती मीटर खोल जाते' हा रकाना खाली सरकवून 'लिटरमागे किती ग्रॅम गाळात चालते' हा रकाना वर आणावा. शंभर मीटर खोली गंगेच्या या टापूत कोठेच नाही. दोन ग्रॅम गाळ मात्र प्रत्येक पावसाळ्यात आहे.

त्यासाठी तो गाळ किती हे लोकांना कळले पाहिजे. केंद्रीय जल आयोग गंगेचा प्रवाह आणि गाळ मोजतो, परंतु गंगेच्या खोऱ्यातील हे आकडे गोपनीय वर्गात मोडतात आणि सामान्य अभ्यासकाच्या हाती सहजासहजी पडत नाहीत. पाणी किती सेंटीमीटर चढले हे श्रावण-भाद्रपदात वाराणसीच्या वृत्तपत्रांत रोज छापून येते. आयोगाने त्याच ओळीत त्या दिवशी एका लिटर पाण्यात किती ग्रॅम माती होती, तो आकडाही देण्याची तजवीज करावी, अशी विनंती आहे. गाझीपूरच्या पाद्र्याने आपला आकडा १८३२ साली छापून मोकळा केला होता.